"मला काही नको" म्हणणाऱ्या सासऱ्यांना सणाला काय द्यावं?

प्रश्न असा आहे. सासरे ७४ वर्षांचे. सण तीन आठवड्यांवर आलाय. गेल्या तीन वर्षांत सुनेनं त्यांना आधी स्मार्टवॉच दिलं, मग पाय दाबायचं मशीन, मग एक महागातला पेन-सेट. स्मार्टवॉच डब्यातून बाहेर आलंच नाही, मशीन माळ्यावर गेलं, पेन-सेट त्यांनी नातवाला देऊन टाकला. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: "मला काही नको." सासूबाई समजूत घालतात, "त्यांचं असंच आहे गं, मनाला लावून घेऊ नकोस." ताईंनी शेवटी लिहिलंय: "सकाळभर शब्दकोडं घेऊन बसतात. पेन्सिल ब्लेडनंच तासायची, आणि तीच पेन्सिल लागते, दुसरी चालत नाही. हातात लग्नाच्या वेळचं किल्ली द्यायचं घड्याळ, त्याचा पट्टा दोऱ्यानं शिवलाय. अशा माणसाला काय द्यायचं, तुम्हीच सांगा."

ताई, तुम्ही हे शेवटचं तक्रारीच्या सुरात लिहिलंय. पण तुमच्या अख्ख्या प्रश्नात सगळ्यात मोलाची माहिती तिथेच आहे. ज्या माणसाला "तीच" पेन्सिल लागते आणि जो घड्याळाचा पट्टा शिवून वापरतो, त्याची आवडनिवड कधीच पक्की झालेली आहे. आपण दरवर्षी जाऊन त्यांनी निवडलेल्या वस्तूच्या जागी आपण निवडलेली वस्तू ठेवायला बघतो. ती जागा रिकामी नसते, म्हणून आपली वस्तू परत येते.

लोकांसाठी भेटवस्तू निवडून द्यायचं काम मी २२ वर्षं करते आहे. त्यात "आमच्याकडे एक माणूस आहे, त्याला काहीच आवडत नाही" हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय. काहीच न आवडणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. फार नेमकं काहीतरी आवडणारी माणसं मात्र खूप भेटली, आणि घरचे त्यांनाच अवघड म्हणतात.

मला हे माझ्या मावशीनं शिकवलं. मावशी डावखुरी, आणि आयुष्यभर शिवणकाम केलेली. तिच्याकडे शिंपीकामाची एक जड, काळी पडलेली कात्री होती, ती फक्त कापडालाच लावायची. आम्ही पोरांनी त्या कात्रीनं कागद कापला की बोलणी खायचो. ती उजव्या हाताची कात्री. मला काम सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा मी तिच्यासाठी खास डावखुऱ्यांची कात्री शोधून आणली. ती शोधायला मी दीड महिना घालवला होता. तिनं उघडली, दोनदा हवेत चालवून बघितली आणि "छान आहे गं" म्हणून कपाटात ठेवली. मी पाठपुरावा केला तेव्हा एक दिवस तिनं मला समोर बसवून दाखवलं. उजव्या हाताची कात्री उजव्या हातात धरली की मुठीच्या दाबानं दोन्ही पाती एकमेकींवर घट्ट बसतात. तीच डाव्या हातात धरली की पाती एकमेकींपासून सुटायला बघतात आणि कापड मध्ये दुमडतं. म्हणून लहानपणीच तिनं अंगठा उलट्या बाजूला रेटायची सवय लावून घेतली होती. आता डावखुऱ्यांच्या कात्रीवर तोच उलटा रेटा पडला की तिचीही पाती फाकत होती. "पन्नास वर्षं हात असा वळलाय. आता तो सुलटा कसा वळायचा?"

माझी माहिती बरोबर होती. डावखुऱ्या माणसाला डावखुरी कात्री, यात चूक काढायला जागा नाही. पण मी मावशीच्या हाताकडे कधी बघितलंच नव्हतं. पुढच्या वर्षी तिला विचारून ती जुनीच कात्री मी एका जाणत्या माणसाकडे नेली, धार लावून घेतली, मधला सैल झालेला स्क्रू बसवून घेतला आणि तिच्या मापाचं एक जाड कापडी म्यान शिवून घेतलं. त्या दिवशी तिनं घरात जे सापडेल ते कापड कापून बघितलं. शेवटपर्यंत ती कात्री त्या म्यानातच असायची.

तेव्हापासून अवघड माणसासाठी मी बाजारात जाण्याआधी त्याच्या घरात जाते. तिथे काय झिजलंय, काय शिवून किंवा चिकटवून वापरलं जातंय, काय संपत आलंय आणि कशाशी रोज झटापट चाललीय, हे बघते. दुरुस्त करून वापरलेली वस्तू दिसली की माझं अर्धं काम झालं. माणूस प्रेम नसलेली वस्तू शिवत बसत नाही.

आता "मला काही नको" बद्दल. या वाक्याचे अर्थ निरनिराळे असतात आणि ते आधी ओळखावे लागतात. काहींना खरंच घरात आणखी वस्तू नको असतात. हयातभर साठवलेलं आता आवरायचं कसं, हा घोर त्यांना लागलेला असतो, आणि तुमचा डबा त्यात भरच घालतो. काहींना तुम्ही खर्च केलेला सोसत नाही. काहींना घेणं जड जातं, कारण आयुष्यभर देण्याच्या बाजूला राहिलेल्या माणसाला घेताना आपण आता म्हातारे झालो असं वाटतं. आणि काहींना मागून मिळालेलं नको असतं, न सांगता कुणीतरी ओळखावं अशी त्यांची आस असते. तुमचे सासरे मला दुसऱ्या-तिसऱ्या गटातले वाटतात. पेन-सेट त्यांनी फेकला नाही, कपाटात कुजवला नाही, नातवाला दिला. त्यांना द्यायला आवडतं.

एक अर्थ मात्र वेगळा ठेवा. ज्यांचा जोडीदार वर्षभरात गेला आहे त्यांचं "मला काही नको" हे वस्तूंबद्दल नसतं. तिथे भेटवस्तूचा विचारच बाजूला ठेवावा आणि सणाचा दिवस त्यांच्या सोबत काढावा. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला कचरू नये.

तुम्ही दिलेल्या तीन भेटींबद्दलही बोलायला हवं, कारण तिन्ही चांगल्या मनानं दिल्या होत्या आणि तिन्ही एकाच ठिकाणी अडखळल्या. स्मार्टवॉचचा अर्थ झाला "तुमचं घड्याळ जुनं झालं", मशीनचा झाला "तुमचे पाय दुखतात", आणि पेनांचा झाला "पेन्सिल सोडा आता". घेणारा माणूस भेटीत आपल्याबद्दलचं मत वाचतोच. म्हणून आरोग्याची, वजनाची, ऐकू येण्याची, विसरण्याची आठवण करून देणारी कुठलीही वस्तू सणाला देऊ नये. गरज असेल तर एरवी, साध्या दिवशी, त्यांच्याशी बोलून आणावी. चार्जिंग, पासवर्ड आणि अपडेट लागणारी वस्तू तर ती सांभाळायला तुम्ही स्वतः शेजारी असाल तरच द्यावी.

किमतीनंही काही सुटत नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल ॲडम्स या संशोधकांनी २००९ साली हे तपासलं होतं. देणाऱ्यांची खात्री होती की महाग भेट जास्त आवडेल. घेणाऱ्यांच्या कौतुकाचा मात्र किमतीशी मेळ बसला नाही. त्याआधी १९९३ साली जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञानं येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना नाताळच्या भेटींबद्दल विचारलं होतं: भावनेचं मोल सोडून नुसत्या वस्तूचं मोल तुमच्या लेखी किती? उत्तरांवरून निघालं की देणाऱ्याच्या खर्चातला दहावा हिस्सा ते एक तृतीयांश हिस्सा घेणाऱ्याच्या लेखी उरतच नाही. मित्रांनी दिलेल्या भेटींत ही घट कमी होती, काका-मावशी आणि आजी-आजोबांनी दिलेल्या भेटींत जास्त. मला यात नवल वाटलं नाही. वयाचं अंतर वाढलं की रोजचं जगणं एकमेकांना दिसेनासं होतं, आणि मग आपण अंदाजानं घेतो. तुमचं उलट आहे, ताई. तुम्हाला त्यांची सकाळ दिसते.

संशोधक जेफ गॅलक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडलेली गोष्ट मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भेट उघडायचा क्षण असतो, घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती वापरायचे दिवस असतात. उघडताना "अरे वा!" यावं म्हणून आपण नवलाची वस्तू शोधतो. तुमच्या सासऱ्यांसारखा माणूस "अरे वा" म्हणणार नाही, ही तुम्ही आधीच धरून चालायची गोष्ट आहे. दोन महिन्यांनी ती वस्तू कुठे आहे ते बघा.

आता कामाचं बोलू. माझ्या मते त्यांची भेट म्हणजे त्या जुन्या घड्याळाचा नवा पट्टा आणि घड्याळाची नीट केलेली सर्व्हिसिंग.

पट्टा घेताना माप चुकलं तर सगळं चुकतं. घड्याळाच्या वर आणि खाली जिथे पट्टा अडकतो तिथे दोन टोकं पुढे आलेली असतात. त्या दोन टोकांच्या मधलं आतलं अंतर मिलिमीटरच्या पट्टीनं मोजा. जुन्या पुरुषी घड्याळांत ते बहुधा १६ किंवा १८ मिलिमीटर निघतं, पण अंदाजानं घेऊ नका, एका मिलिमीटरच्या फरकानंही पट्टा एक तर आत बसत नाही किंवा डुगडुगतो. मग जुन्या पट्ट्याची लांबी मोजा आणि ते बक्कल कितव्या भोकात लावतात ते बघा. त्या भोकाभोवती चामडं ताणलेलं, काळं पडलेलं दिसेल. रंग आणि जाडी जुन्या पट्ट्यासारखीच घ्या. इथे तुमची आवड मध्ये आणू नका, शिवण वेगळ्या रंगाची नको, बक्कल चकचकीत नको. त्यांचं मूळ बक्कल चांगलं असेल तर तेच नव्या पट्ट्याला लावता येतं का ते विचारा. पट्टा ज्या बारीक स्प्रिंगच्या काडीवर बसतो तिची एक जोडी नवी घ्या. काडी निसटली की घड्याळ मनगटावरून खाली पडतं आणि जुन्या घड्याळाला ते झेपत नाही.

सर्व्हिसिंगसाठी घड्याळ गुपचूप नेऊ नका. मी हे कळकळीनं सांगते, कारण सरप्राइझच्या नादात लोक नेमकी हीच चूक करतात. रोज किल्ली देणाऱ्या माणसाला सकाळी घड्याळ जागेवर दिसलं नाही तर त्याच्या जिवाची घालमेल होते. घड्याळजीशी आधी बोलून ठेवा, आणि सणाच्या दिवशी पट्ट्यासोबत एक चिठ्ठी ठेवा की "अमुक दिवशी आपण दोघं घड्याळ घेऊन जाऊ". किल्लीच्या घड्याळातलं तेल वर्षांनुवर्षांत सुकतं आणि घट्ट होतं. मग घड्याळ मागे पडायला लागतं आणि आतले भाग झिजतात. म्हणून ते उघडून, साफ करून, पुन्हा तेल द्यावं लागतं. घड्याळजीला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: डायलला हात लावायचा नाही, केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, पॉलिश करायचं नाही, आणि जे भाग बदलाल ते परत द्यायचे. जुन्या घड्याळावरचा ओरखडा कुठे पडला ते मालकाला माहीत असतं. नव्यासारखं चकचकीत झालेलं घड्याळ हातात आलं की त्याला ते परकं वाटतं.

आणि त्या दिवशी खरंच सोबत जा. सिंडी चॅन आणि कॅसी मोगिलनर यांच्या २०१७ च्या संशोधनात दिसलं की वस्तूपेक्षा अनुभव भेट दिला की नातं अधिक घट्ट होतं. माझा अनुभवही तोच आहे. घड्याळजीच्या समोर बसून सासरे ते घड्याळ कधी घेतलं, कुणी घेऊन दिलं, हे सांगायला लागतील. घरी कदाचित कधीच सांगितलं नसेल.

पेन्सिलींचं काम सोपं आहे पण नेमकं करा. पेन्सिलीच्या तासायच्या विरुद्ध टोकाकडे छाप असतो: एचबी, बी, टूबी असं काहीतरी. एच म्हणजे कडक, बी म्हणजे काळी आणि मऊ. वर्तमानपत्राचा कागद कच्चा असतो, त्यावर कडक पेन्सिल कागद खरवडते आणि फिकी उठते. कोडं सोडवणाऱ्यांना मऊ पेन्सिल का लागते ते यावरून कळेल. त्यांच्या पेन्सिलीचा वापरून आखूड झालेला तुकडा मिळाला तर छाप बघून, कंपनी आणि ग्रेड दोन्ही जुळवून, १२ ची एक पेटी आणा. शार्पनर आणू नका. ब्लेडनं लांब टोक काढून घेणं हा त्यांच्या सकाळचा भाग आहे.

तिसरी गोष्ट मी तुम्हाला फक्त बघून ठरवायला सांगेन. ते कोडं कुठे बसून सोडवतात आणि तिथे उजेड किती आहे? साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळं पडतं. ते खिडकीकडे सरकत असतील, कागद तिरका धरत असतील, तर एक मान वळणारा टेबल-दिवा त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवून बघा. पण तो गुंडाळून भेट म्हणून देऊ नका, नाहीतर पुन्हा "तुम्हाला दिसत नाही" असा अर्थ निघेल. नुसता लावून ठेवा. आवडला तर राहील.

काही जण मला विचारतात की सरळ विचारून का टाकू नये. विचारावं, जरूर विचारावं. फ्रान्चेस्का जिनो आणि फ्लिन यांच्या २०११ च्या अभ्यासात असंच निघालं की देणाऱ्यांना वाटतं न मागता दिलेलं जास्त विचारपूर्वक वाटेल, पण घेणाऱ्यांना मागितलेली वस्तू मिळाली की जास्त बरं वाटतं. फक्त "तुम्हाला काय आणू?" हा प्रश्न अशा माणसांना विचारायचा नसतो, त्याचं उत्तर त्यांच्या ओठावर तयार असतं. त्याऐवजी विचारा: "पूर्वी मिळायची आणि आता मिळत नाही अशी कुठली गोष्ट आहे?" किंवा "हे वापरताना कुठे अडतं का?" वस्तूबद्दल विचारलं की माणूस बोलतो. एकदा एका गृहस्थांनी आपल्या अबोल काकांना एवढंच विचारलं की हा रेडिओ कसा उघडतात. काका पाऊण तास बोलले, आणि त्यात त्यांना कुठला स्क्रू-ड्रायव्हर मिळत नाही तेही आलं.

ज्यांच्या घरी जाणं होत नाही, सवयी माहीत नाहीत, अशा लांबच्या नातेवाइकांसाठी मी फार खोलात जात नाही. संपणारं काहीतरी, लहान, बदलून घेता येईल असं, आणि सोबत पावती. तेवढं पुरतं.

फोटोंबद्दल मात्र थोडं थांबते, कारण "सगळं असलेल्या" माणसाकडे जे खरंच नसतं ते बहुधा इथेच सापडतं. ज्युलियन गिव्ही आणि गॅलक यांनी २०१७ साली लिहिलंय की देणारे भावनेची भेट द्यायला कचरतात, आवडेल की नाही याची खात्री वाटत नाही म्हणून, आणि घेणाऱ्यांना तीच हवी असते. सासऱ्यांच्या आई-वडिलांचा, भावंडांचा, पहिल्या नोकरीतल्या सहकाऱ्यांचा एखादा बारीक, पिवळा पडलेला फोटो कुठल्या तरी नातेवाइकाच्या अल्बममध्ये असतो. तो ६०० डीपीआयवर, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके टिपले जातील असा, स्कॅन करा. ४ बाय ६ इंचांचा फोटो असेल तर त्यातून ८ बाय १२ इंचांचा स्वच्छ प्रिंट निघतो. रंग भरू नका, सुरकुत्या पुसू नका, फक्त डाग आणि फाटलेला कोपरा दुरुस्त करून घ्या. मागे कोण कोण आहे ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. यावर्षी पट्टा करा, हे पुढच्या वर्षासाठी राहू द्या. एकाच वेळी सगळं दिलं तर ते संकोचतील.

देताना बेत साधा ठेवा. सगळे बघतायत आणि ते गुंडाळी सोडतायत, असं करू नका. अशा माणसांना चेहऱ्यावर आनंद आणून दाखवायचं ओझं होतं, आणि मग ते "कशाला आणलंस" म्हणून मोकळे होतात. सकाळी कोडं संपल्यावर, सासूबाई आतल्या खोलीत असताना, साध्या कागदात गुंडाळून त्यांच्या हातात द्या. "पट्टा फार शिवून झालाय, म्हणून आणला. माप बघा बरोबर आहे का." एवढंच बोला. माप बघण्याचं काम हातात मिळालं की ते लगेच त्यात गुंततील. ते काही म्हणाले नाहीत तरी तिथून उठा, आणि नंतर "लावला का पट्टा?" असं विचारू नका.

नवा पट्टा लागला की जुना शिवलेला पट्टा घड्याळजीकडे राहू देऊ नका. एका पाकिटात घालून तो त्यांच्या ड्रॉवरमध्ये ठेवा आणि कुठे ठेवलाय ते त्यांना सांगा.